घरात शिरलेलं पाणी: विमा कुठवर पुरतो आणि उरलेलं कोण भरतं

नवी मुंबईत घराची नासाडी करणारं पाणी तीन वाटांनी येतं. रस्त्यावरून तळमजल्यात शिरतं, घरातला पाइप फुटून आतच साचतं, नाहीतर गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून किंवा वरच्या मजल्याच्या बाथरूममधून महिनोन्‌महिने झिरपत राहतं. पहिल्या दोन वाटांनी झालेलं नुकसान घरविम्यात बसतं, तिसऱ्या वाटेचं बसत नाही. गंमत नाही, गैरसोयीची गोष्ट अशी की वाशी-नेरूळच्या जुन्या इमारतींत लोक त्रासलेले असतात ते याच तिसऱ्या पाण्याने. म्हणून पॉलिसी घेण्याआधी कुठलं पाणी कुणाच्या खिशातून निस्तरायचं, हे समजून घ्यायला हवं.

आधी विम्याचं पाहू. विमा नियामक प्राधिकरणाने 1 एप्रिल 2021 पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी लागू केली. कंपनी कुठलीही असो, पॉलिसीची मूळ कलमं तीच. आग, वीज, भूकंप यांबरोबर वादळ, पूर आणि पाणी तुंबणं, जमीन खचणं, दरड कोसळणं तिच्यात येतं. पाण्याच्या टाक्या, पाइप आणि जोडलेली उपकरणं फुटली किंवा भरून वाहिली, तर त्यातून झालेलं नुकसानही येतं. अशा घटनेनंतर सात दिवसांच्या आत घरात चोरी झाली, तर तीही धरली जाते. शहर दोन दिवस पाण्यात असताना कुलूप लावून नातेवाइकांकडे गेलेल्यांना हे कलम फार कामाचं.

विम्याची रक्कम ठरवताना बहुतेकांची चूक होते. फ्लॅट एक कोटीचा आहे म्हणून एक कोटीचा विमा काढायचा नसतो. त्या कोटीत जमिनीची किंमत मोठी असते आणि जमीन वाहून जात नाही. इथे धरायचा तो पुन्हा बांधण्याचा खर्च. समजा कार्पेट क्षेत्र 600 चौरस फूट आणि बांधकामाचा दर चौरस फुटाला 2,500 रुपये, तर इमारतीच्या भागाची रक्कम झाली 15 लाख. घरातल्या सामानासाठी या रकमेच्या 20 टक्के, म्हणजे तीन लाखांचं संरक्षण, यादी न देता आपोआप मिळतं. त्याची कमाल मर्यादा 10 लाख. सामान त्याहून जास्त किमतीचं असेल, तर यादी देऊन रक्कम वाढवता येते. दागिने आणि कलावस्तू यांच्यासाठी वेगळं कलम निवडावं लागतं. क्षेत्रफळ खरं सांगा. बाल्कनी आत घेतली असेल, तर तेही सांगा. दाव्याच्या वेळी ते निघणारच.

हप्ता किती? वर उदाहरण दिलंय तेवढ्या घराला तो साधारण वर्षाला काहीशे रुपयांपासून दीड-दोन हजारांपर्यंत पडतो. जोड-कलमं घेतली की वाढतो. आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा जीएसटी सप्टेंबर 2025 मध्ये गेला, पण घरविम्यावरचा 18 टक्के कायम आहे, तेव्हा कोटेशन करासह मागा. पॉलिसी दहा वर्षांपर्यंतची एकदम घेता येते आणि अशा दीर्घ मुदतीत इमारतीची विमा रक्कम दरवर्षी 10 टक्क्यांनी आपोआप वाढते. गृहकर्ज घेताना बँकेने एखादी पॉलिसी गळ्यात घातली असेल, तर ती आजच काढून वाचा. ती फक्त इमारतीपुरती आहे का, सामान तिच्यात आहे का, आणि मुदत अजून चालू आहे का, एवढं पाहा. भाडेकरूने नुसता सामानाचा विमा घ्यावा. तो आणखी स्वस्त पडतो.

पुराचं कलम इथे शोभेचं नाही. सिडकोने खाडीकाठची, भरतीच्या पातळीपेक्षा खालची जमीन भराव घालून वसवली आणि पावसाचं पाणी धरून ठेवायला धारण तलाव बांधले. भरतीला खाडीकडची झडप मिटते, तलाव पावसाचं पाणी साठवतो, ओहोटी लागली की ते खाडीत जातं. योजना चांगली होती. पण अनेक तलाव गाळाने भरले, काहींत कांदळवन वाढलं आणि कांदळवनाला कायद्याचं संरक्षण असल्यामुळे गाळ काढणं अवघड होऊन बसलं. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, की सखल सेक्टरांत पाणी चढतं. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. तो दिवस या पट्ट्यातल्या तळमजल्यांवर राहणारे विसरलेले नाहीत. तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर घर असेल, तर विम्याशिवाय राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तळघरातल्या गाडीचा मात्र या पॉलिसीशी संबंध नाही. तिला वाहनविम्यातलं स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण आणि इंजिनाचं जोड-कलम लागतं. आणि पाण्यात उभी राहिलेली गाडी चालू करून बघायची नाही, कारण आत पाणी ओढून इंजिन तिथेच जातं.

आता दुसरं पाणी. हे येतं कुठून, ते आज घरी गेल्यावर पाहा. कमोडच्या फ्लश टाकीला, वॉश बेसिनला आणि गीझरला भिंतीतल्या अँगल कॉकपासून जोडणारी हातभर लांबीची नळी असते, प्लंबर तिला कनेक्शन पाइप म्हणतात. तिच्या टोकाच्या नटावर पांढरा-हिरवा क्षार चढला असेल, जाळीची तार तुटून टोचत असेल किंवा प्लास्टिकचा नट चिरलेला दिसला, तर ती नळी कधीही सुटेल. रात्री गच्चीवरची टाकी भरलेली असते, नळाला दाब जास्त असतो, नळी सुटते ती तेव्हाच. सकाळपर्यंत हॉलमधलं लाकडी फर्निचर फुगलेलं आणि खालच्यांचं पीओपी छत खाली आलेलं. चांगली नळी दीडशे ते पाचशे रुपयांना मिळते, बसवायचे प्लंबर दोनेकशे घेतो. दर चार-पाच वर्षांनी सगळ्या नळ्या बदलल्या, तरी एका फुगलेल्या वॉर्डरोबच्या किमतीपुढे तो खर्च काहीच नाही.

अशा फुटीचं तुमच्या घरातलं नुकसान पॉलिसी देते. खालच्या घराचं देत नाही, कारण मूळ पॉलिसीत दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी धरलेली नाही. काही कंपन्या तेवढं कलम जादा हप्ता घेऊन देतात. उंच इमारतीत राहणाऱ्यांनी ते जरूर विचारावं. नाहीतर खालच्या कुटुंबाने स्वतःच्या पॉलिसीवर दावा करायचा आणि तुम्ही त्यांच्याशी समजुतीने मिटवायचं. पाणीकपातीच्या दिवशी नळ उघडा राहिला आणि पाणी आल्यावर घर भरलं, तर त्यावर कंपनीशी वाद होतो, कारण काही फुटलेलं नसतं. गावी जाताना घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून जाणं हा त्यावरचा बिनखर्ची इलाज. तो व्हॉल्व्ह बाथरूममध्ये आहे, डक्टमध्ये आहे की गच्चीवर, हे घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा. जाम झाला असेल तर बदलून घ्या.

तिसरं पाणी विम्यात नाही. वर्षानुवर्षांची ओल, गंजलेली सळी, भेगाळलेला गिलावा हे झिजेतून आलेलं नुकसान, आणि विमा अचानक ओढवलेल्या घटनेचा असतो. पॉलिसीच्या यादीत वादळ आहे, पूर आहे, पण नुसता पाऊस नाही. एजंट काहीही सांगो, छताला आलेल्या ओलीवर दावा मंजूर होईल या भरवशावर हप्ता भरू नका.

मग हे कोण भरणार? सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत याचं उत्तर आहे आणि ते सभासदांच्या बाजूचं आहे. गच्ची आणि तिचा कठडा, बाहेरच्या भिंती, सामाईक पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप, पावसाची गळती, गच्चीच्या गळतीने वरच्या मजल्याच्या छताचं झालेलं नुकसान, हा सगळा खर्च संस्थेचा. घरातल्या बाथरूमची, मोरीची, सिंकची गळती मात्र ज्याच्या घरात तो गळणारा भाग आहे, त्या सभासदाची. ‘वरच्या मजल्यावर राहता, तुमचं तुम्ही बघा’ असं समिती म्हणाली, तर उपविधींची प्रत जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पैशाचीही तरतूद आहे. दरसाल फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के दुरुस्ती निधी आणि 0.25 टक्के सिंकिंग फंड घ्यायचा असतो. बांधकाम खर्च 10 लाख धरला, तर वर्षाला 7,500 आणि 2,500, म्हणजे महिन्याला आठशे-साडेआठशे. देखभाल कमी ठेवल्याचा अभिमान बाळगणाऱ्या समित्या हाच पैसा गोळा करत नाहीत आणि दहा वर्षांनी प्रत्येकाकडे एकदम मोठी वर्गणी मागतात.

गच्चीचा हिशेब करून बघा. 5,000 चौरस फुटांची गच्ची आणि 40 घरं धरा. वरून रासायनिक लेप द्यायचा, तर चौरस फुटाला साधारण 50 ते 100 रुपये, म्हणजे अडीच ते पाच लाख. विटांच्या तुकड्यांचा कोबा नव्याने करायचा, तर साधारण 120 ते 220 रुपये, म्हणजे सहा ते अकरा लाख. घरटी 15,000 ते 27,500 रुपये. माल, जाडी आणि जुनं काढायचं काम यांवर दर हलतो, म्हणून तीन लेखी कोटेशन घ्या आणि तिघांनाही एकच कामाचा तपशील द्या. जुना कोबा न उखडता त्यावर नवा चढवू देऊ नका. त्या ओझ्याने तीस-पस्तीस वर्षांच्या स्लॅबवर नको तो भार येतो. ठेकेदाराला शेवटचा हप्ता देण्याआधी गच्चीवरच्या पावसाच्या पाइपची तोंडं बुजवून दोन-तीन दिवस पाणी साठवून बघा आणि वरच्या मजल्याच्या छतावर ओल उमटते का ते तपासा.

सगळी गच्ची फुटलेली नसते, हेही लक्षात घ्या. पुष्कळदा पाणी शिरतं ते कठडा आणि जमीन मिळते तिथल्या गोलाई दिलेल्या वाट्यातून, नाहीतर पावसाच्या पाइपच्या तोंडाशी. तिथे पिंपळाचं रोप दिसलं, तर नुसतं उपटू नका, मुळासकट काढून भेग भरून घ्या. डिश अँटेनासाठी किंवा सोलरच्या स्टँडसाठी कुणी कोब्याला भोक पाडलं असेल, तर तेही तपासा. पत्र्याची शेड टाकायची असेल, तर महापालिकेची परवानगी आधी.

बाथरूम फोडून वॉटरप्रूफिंग आणि टाइल्ससह पुन्हा करायला साधारण 60,000 ते सव्वा लाख लागतात. म्हणून फोडण्याआधी टाइल्सच्या सांध्यांत नवं ग्राउट आणि नहाणी ट्रॅपच्या कडेला सीलिंग करून बघावं, ते काही हजारांत होतं. ओल आंघोळीनंतर वाढते की चोवीस तास सारखी असते, हे आठवडाभर पाहा. आंघोळीनंतर वाढली तर दोष जमिनीत किंवा ट्रॅपमध्ये, सारखी राहिली तर दाबाच्या पाइपमध्ये. इमारत तीस वर्षांपुढची असेल, तर महापालिका अधिनियमाच्या कलम 265-अ प्रमाणे रचनात्मक तपासणी करून घेणं बंधनकारक आहे. छताचे पोपडे पडून सळी दिसू लागली असेल, तर रंगाऱ्याला नव्हे, अभियंत्याला बोलवा.

दाव्याची वेळ आली, तर आधी मुख्य वीज बंद करा, व्हॉल्व्ह बंद करा आणि पाणी उपसण्याआधी व्हिडिओ घ्या. भिंतीवरची पाण्याची पातळी त्यात दिसली पाहिजे. कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि दाव्याचा क्रमांक लिहून घ्या. सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेलं सामान बाजूला ठेवा, भंगारात देऊ नका. फुटलेली नळीसुद्धा पिशवीत जपा, तोच तुमचा पुरावा. प्लंबरकडून बिलावर काय फुटलं ते लिहून घ्या. त्याने ‘जुनी गळती’ असं लिहिलं, की दावा तिथेच अडकतो, तेव्हा जे झालं तेच नेमक्या शब्दांत लिहू द्या.

दावा नाकारला, तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी जा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे वर्षभराच्या आत जाता येतं. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही आणि 50 लाखांपर्यंतचे दावे चालतात. नवी मुंबईकरांसाठी हे कार्यालय ठाण्यात आहे.

गच्चीच्या कामाचा ठराव मात्र जूनमध्ये छत टपकू लागल्यावर घेऊन उपयोग नाही. कोब्याला पाणी मारून तो पक्का व्हायला आणि मग साठवण चाचणीला कोरडे आठवडे लागतात. तुमच्या समितीला आजच पत्र द्या: कोटेशन जानेवारीत, काम मार्चमध्ये, चाचणी एप्रिल संपायच्या आत.