सक्शनच्या दोन नळ्या

ऑपरेशनला सेल सेव्हर यंत्र लावणार आहेत म्हटलं की नातेवाईक निर्धास्त होतात. पेशंटचंच रक्त पेशंटला परत मिळणार, मग काळजी कसली? ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून काम करताना मला याच निर्धास्तपणाची धास्ती वाटत आली आहे.

एका बाईंचा खुब्याचा बदललेला सांधा पुन्हा बदलायचा होता. कार्डावर रक्तगट ओ पॉझिटिव्ह. क्रॉसमॅचला मात्र ओ गटाची एकही पिशवी जुळेना. शेवटी निघाला बॉम्बे गट. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला. या लोकांच्या लाल पेशींवर ए आणि बी तर नसतातच, पण ओ गटात असणारा एच घटकही नसतो. साध्या चाचणीत ते ओ म्हणून खपून जातात, आणि ओ गटाचं रक्त चढवलं तर जिवावर बेततं.

म्हणून सेल सेव्हर ठरलं. यात जखमेतलं रक्त ओढतानाच त्यात हेपॅरिन घातलेलं सलाईन थेंबथेंब मिसळत राहतं, त्यामुळे गुठळ्या होत नाहीत. मग ते गाळून वेगाने फिरणाऱ्या वाटीत जातं. जड लाल पेशी कडेला जमतात, सलाईनने धुतल्या जातात. धुवण आधी लाल, मग गुलाबी, शेवटी नितळ येतं. ते नितळ दिसल्याशिवाय धुणं थांबवायचं नाही.

त्या दिवशी टेबलावर सक्शनच्या दोन नळ्या होत्या, एक यंत्राची, एक साध्या बाटलीची. दिसायला अगदी सारख्या. घाईत मदतनीस डॉक्टरांच्या हाती बाटलीची नळी गेली आणि सुरुवातीचं बरंचसं रक्त बाटलीत जमलं. त्यात हेपॅरिन नाही, वर आधीच ओढलेलं बेटाडीन. ते परत देणं शक्यच नव्हतं. ज्या बाईंना दुसऱ्या कुणाचं रक्त सहजी चालत नाही, त्यांचंच रक्त असं वाया गेलेलं पाहताना पोटात कालवलं. बॉम्बे गटाचा एक दाता आधीच शोधून ठेवला होता, म्हणून निभावलं.

थिएटरमधल्या मुलींना मी तेव्हापासून सांगते: यंत्राच्या नळीला रंगीत चिकटपट्टी लावा आणि ती कुठली, हे सुरी लागण्याआधी मोठ्याने सांगा. बेटाडीन, हायड्रोजन पेरॉक्साइड, ओलं बोन सिमेंट साध्या नळीनेच ओढायचं. डिस्टिल्ड पाणीही तसंच, त्याने पेशी फुटतात. सक्शनचा जोर बेताचा ठेवा. रक्ताने भिजलेले मॉप फेकू नका, सलाईनमध्ये पिळा आणि ते सलाईन यंत्राला द्या. त्यातूनही बरंच रक्त मिळतं. पिशवीवर नाव, नंबर आणि वेळ तिथल्या तिथे लिहा. आणि कितीही घाई असो, या पिशवीला प्रेशर बॅग लावू नका. आत हवा असते. ती शिरेत गेली तर माणूस हातचा जातो.

नातेवाइकांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. यंत्र फक्त लाल पेशी परत देतं. प्लाझ्मा आणि प्लेटलेट धुवणाबरोबर निघून जातात. रक्तस्राव फार झाला तर ते रक्तपेढीतूनच आणावं लागतं, तेव्हा दात्यांची सोय करून ठेवाच. भूलतज्ज्ञांना आधी भेटून विचारा, यंत्र चालवणारं माणूस त्या दिवशी ड्युटीवर आहे का. जखमेत पू असेल किंवा आतडं फुटून घाण पसरली असेल, तर हे यंत्र सहसा वापरत नाहीत. अशा वेळी दुसरी तयारी काय, तेही विचारून घ्या.

घरात कुणाचा बॉम्बे गट निघाला तर सख्ख्या भावंडांची तपासणी लगेच करा. आईवडिलांकडून येणारा हा गुण आहे, त्यामुळे दाता घरातच सापडण्याची शक्यता असते. त्या बाईंचा दाता त्यांचा धाकटा भाऊ होता.