क्रूझ कंट्रोल बसवायचं काम घेताय? आधी 'सुटतं कसं' ते शिका

आजचा धडा टू-व्हीलर गॅरेज चालवणाऱ्यांसाठी. टुरिंग करणारं गिऱ्हाईक हल्ली विचारतं, "दादा, पुणे-बेंगळुरू रोडवर थ्रॉटल धरून मनगट भरून येतं. क्रूझ कंट्रोल बसवून द्याल का?" काम चांगलं आहे, पैसेही आहेत. पण 'हो' म्हणण्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. गिऱ्हाइकाला वाटतं आपण वेग धरून ठेवणारं यंत्र विकत घेतोय. तुम्ही मात्र ब्रेकला बोट लागताच वेग सोडणारं यंत्र विकताय. धरणं कुठलंही किट करतं. सोडणं तुमच्या फिटिंगवर अवलंबून असतं.

पायरी १ : गाडी कुठल्या जातीची?

थ्रॉटल दोन प्रकारचे. एक केबलचा, उदाहरणार्थ रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११. दुसरा राइड-बाय-वायर, उदाहरणार्थ हिमालयन ४५०. दोन्हींचं काम पूर्ण वेगळं आहे, त्यामुळे दरही वेगळा सांगायचा.

केबलच्या गाडीला अॅक्च्युएटर लागतो, म्हणजे तुमच्या मनगटाऐवजी केबल ओढणारा भाग. तो व्हॅक्यूमवर चालतो किंवा इलेक्ट्रिक मोटरवर. व्हॅक्यूमचा घेतला तर सिंगल सिलिंडरला व्हॅक्यूम ठोक्याठोक्याने मिळतो आणि चढावर थ्रॉटल उघडला की कमी होतो. म्हणून एकतर्फी व्हॉल्व्ह आणि छोटी टाकी लावायची. दोन्ही प्रकारांत एक गोष्ट तपासा: वीज तुटली की अॅक्च्युएटर केबल सोडतो का? सोडत नसेल तर ते किट घेऊच नका.

राइड-बाय-वायरमध्ये ओढायला केबलच नसते. मुठीतला सेन्सर दोन सिग्नल पाठवतो आणि ईसीयू ते एकमेकांशी ताडून पाहतो. किट या दोघांच्या मध्ये बसतं. इथे त्याच मॉडेलसाठी बनवलेलं, कपलरला कपलर जोडणारं किटच वापरायचं. वायर कापून, टाके मारून 'जमवायचं' नाही. सिग्नल जुळला नाही तर ईसीयू एरर दाखवतो आणि पिकअप तोडतो. हे ओव्हरटेक करताना झालं तर काय, याचा विचार करा.

पायरी २ : चार सिग्नल

१. वेग : चाकाच्या सेन्सरवरून किंवा वेगळ्या चुंबक-पिकअपवरून.
२. इंजिनाचे फेरे : वेग धरलेला असताना कोणी क्लच दाबला तर फेरे एकदम चढतात. ते ओळखून यंत्राने सुटायला हवं.
३. ब्रेक : पुढचा आणि मागचा, दोन्ही. लिव्हर जराशी हलली की, पॅड चावायच्या आधीच, दिवा लागला पाहिजे. स्विच सैल असेल तर आधी तो नीट करा.
४. क्लच स्विच : किटला सोय असेल तर नक्की जोडा.

इथे एक गोम आहे, आणि नवीन माणूस हमखास इथेच अडकतो. जुन्या पद्धतीची बरीच किटं ब्रेकलाइटच्या बल्बमधून अर्थ शोधतात. बल्ब उडाला तर क्रूझ लागू नये, अशी ती सुरक्षेची सोय आहे. पण मागे एलईडी दिवा असेल तर किटला तो अर्थ मिळत नाही आणि क्रूझ लागतच नाही. मग काही जण ब्रेकची वायर थेट अर्थला जोडून मोकळे होतात. क्रूझ झकास लागतं, पण ब्रेक दाबल्याचं त्याला कळतच नाही! बरोबर मार्ग म्हणजे पाच पायांचा रिले. एरवी अर्थ द्यायचा, ब्रेक दाबला की बारा व्होल्ट.

पायरी ३ : चाचणी, हेच खरं काम

इंजिन चालू ठेवून हँडल डावीकडून उजवीकडे पूर्ण वळवा. आयडलिंग जरा जरी वाढलं तर केबल ताणली जातेय, मार्ग बदला. मूठ सोडली की थ्रॉटल स्वतःहून पूर्ण मिटला पाहिजे.

मग कोरड्या, मोकळ्या, सरळ रस्त्यावर क्रूझ लावून एकेक गोष्ट तपासा: पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक, क्लच, बंद करायचं बटण. प्रत्येक वेळी लगेच सुटलं का? कागदावर टिक करा. एकही टिक राहिली तर गाडी द्यायची नाही. पन्नासेक किलोमीटर चालल्यावर गाडी परत बोलवा, नटबोल्ट आणि वायरिंग पुन्हा पाहा.

पायरी ४ : दर कसा काढायचा?

समजा भाडं, वीज, मदतनीस आणि तुमचा स्वतःचा पगार धरून महिन्याचा खर्च ६०,००० रुपये. महिन्याचे २५ दिवस, रोज हातात खरं काम ६ तास, म्हणजे १५० तास. तासाला ४०० रुपये, आणि हा नुसता खर्च.

फिटिंग ८ तास, चाचणी २, परत तपासणी १. एकूण ११ तास, ४,४०० रुपये. त्यावर ३० टक्के नफा १,३२०. मजुरी झाली ५,७२०, किटची किंमत वेगळी.

आता गिऱ्हाईक म्हणतं, "समोरचा अडीच हजारात करतो." अडीच हजारात तुमचे सव्वासहा तास निघतात. यात फिटिंगच पुरी होत नाही, मग चाचणी कुठून होणार? म्हणून भाव कमी करायचा नाही, चाचणीचा कागद दाखवायचा. "दादा, हे प्रत्येक टिकचे पैसे आहेत," असं सांगा. पटलं तर ठीक, नाही पटलं तर हसून चहा पाजा आणि काम सोडा.

पायरी ५ : कागदपत्रं

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांशी जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही. म्हणून काम घेण्याआधी गिऱ्हाइकाला आरटीओत विचारून घ्यायला, विमा कंपनीला लेखी कळवायला आणि वॉरंटीच्या अटी वाचायला सांगा. बिलावर किटचं नाव, तारीख, किलोमीटर आणि चाचणीचा निकाल लिहून त्याची सही घ्या.

डिलिव्हरीच्या वेळी पाच मिनिटं समजावून सांगा: पावसात, घाटात, गर्दीत क्रूझ लावायचं नाही, आणि लावलं तरी दोन्ही हात हँडलवरच. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, हेही कानावर घाला.

या आठवड्याचा गृहपाठ : तुमच्या गॅरेजचा तासाचा खर्च काढा आणि चाचणीचा एक पानी तक्ता बनवून भिंतीवर लावा. क्रूझचं काम आलं नाही तरी ब्रेक आणि क्लच स्विचच्या टिका रोजच्या सर्व्हिसिंगला उपयोगी पडतील. भेटू पुढच्या धड्यात!