तीस जणांची आवड, की त्या दिवशीचा योगायोग?

प्रश्न : शंभर गिऱ्हाइकांपैकी सत्तर जणांनी एका कंपनीची कॉफी घेतली, तीस जणांनी दुसरीची. त्या तीस जणांची आवडच वेगळी, की त्या दिवशी सहज हात तिकडे गेला, हे अभ्यासकांना कसं कळतं?

उत्तर : एकाच खरेदीवरून ते कळत नाही. कळतं असं कुणी म्हटलं, तर विश्वास ठेवू नका. समजा, सत्तर जण कायम पहिलीच कॉफी घेतात आणि तीस जण कायम दुसरी. किंवा समजा, सगळ्यांची आवड सारखीच आहे, पण प्रत्येक जण दहांतून सरासरी तीनदा दुसरी उचलतो. दोन्हीकडे हिशेब 70–30 असाच दिसणार. आता त्याच शंभर जणांची पुढची खरेदी पाहा. पहिल्या प्रकारात डबा बदलणारा एकही सापडणार नाही. दुसऱ्यात दोन्ही वेळा पहिली घेणारे साधारण 49, दोन्ही वेळा दुसरी घेणारे 9 आणि बदलणारे तब्बल 42 निघतील! म्हणून त्याच माणसाच्या अनेक खरेद्या हव्यात. ग्वादाग्नी आणि लिटल या संशोधकांनी 1983 साली अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या कॉफीखरेदीचा अभ्यास केला, तो दुकानांतल्या स्कॅनरने टिपलेल्या अशाच घरवार नोंदींवर.

यात सवयीची गुंतागुंत आहेच. काल घेतली म्हणून आजही घेतली, ही आवड नव्हे. हाच पेच अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांनी रोजगाराच्या अभ्यासात मांडला होता. सवलतीत घेतलेली कॉफी किंमत पूर्ववत झाल्यावरही घरात येत राहिली, तर सवयीचा संशय बळावतो.

आवड आणि सवय वगळून खरेदीत उरलेल्या चढउताराला गिऱ्हाइकाची चूक समजणं मला अन्यायाचं वाटतं. कदाचित घरी पाहुणे आले होते, किंवा नेहमीचा माल संपला होता. अभ्यासकाला हे दिसलं नाही, इतकंच.

सर्वांत अवघड भाग पुढे आहे. ज्या कामासाठी डॅनियल मॅकफॅडन यांना 2000 साली हेकमन यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यातल्या लॉजिट पद्धतीत (कोणता पर्याय निवडला जाण्याची शक्यता किती, हे मांडणाऱ्या) आवडीचा आकडा सुटा हाती येतच नाही. चढउताराच्या मापाने भागूनच येतो. एका शहराचा आकडा दुसऱ्याच्या दुप्पट आला, तर तिथे आवड दुप्पट की चढउतार निम्मा, हे त्यावरून सांगता येत नाही. मात्र चवीच्या आकड्याला त्याच पद्धतीतून निघालेल्या, किंमत किती खुपते त्या आकड्याने भागलं की ते माप दोन्हीकडून कटतं आणि चवीसाठी लोक किती रुपये जास्त मोजतील, एवढं उरतं. दोन शहरांची तुलना करायची, तर ती या रुपयांचीच करावी.