शिकार : राजाची आणि चुलीची



मागच्या महिन्यात शनिवारच्या वर्गात 'महाराष्ट्रातील आदिवासी' हा पाठ चालू होता. कातकरी लोक शेतातले उंदीर पकडून खातात, असे बाईंनी सांगताच मागच्या बाकावरून जोरात "शी!" असा आवाज आला. सगळा वर्ग हसला, बाई मात्र हसल्या नाहीत. तो "शी!" आमच्याच चिरंजीवांचा होता, हे सांगायला आम्हांला थोडी लाज वाटते. वर्ग सुटल्यावर बाईंनी आम्हांला गाठले आणि म्हणाल्या, "आता या विषयावरचा धडा तुम्हीच लिहा." चूक मुलाची, शिक्षा बापाला! आम्ही संगणकाचे प्रोग्रॅम लिहून पोट भरणारी माणसे, तेव्हा भाषा थोडी रुक्ष वाटली तर सांभाळून घ्या. ज्यांच्या घरी मांसाहार नाही त्यांनीही धडा वाचावा, कारण हा धडा चवीचा नसून भुकेचा आहे.

१. शब्द तीन, प्रश्न एक

रानातले जनावर मारण्याला मराठीत तीन शब्द आहेत. 'मृगया' हा संस्कृत शब्द. गोष्टीतले राजे मृगयेला जातात. 'शिकार' हा शब्द फारसीतून आला आणि मराठीच होऊन गेला. तिसरा शब्द 'पारध'. त्यावरूनच 'पारधी' हे नाव पडले.

शब्द कोणताही वापरा, पण शिकारीचे प्रकार दोन. ते ओळखण्यासाठी एकच प्रश्न विचारायचा : सावज हुकले, तर त्या रात्री ताटात काय? राजाचा बाण चुकला तरी मुदपाकखान्यात जेवण तयारच असते. ती राजाची शिकार. ज्या घरात सावज हुकले की मुले अर्धपोटी झोपतात, ती चुलीची शिकार. प्रोग्रॅम तपासताना आम्ही असाच एखादा प्रश्न घेतो आणि सगळीकडे लावून पाहतो. आता हाही लावून पाहू.

२. पिनरची हरणे

सुरुवात घरापासून करू. पिनर आणि हॅच एंड यांच्या मधली मोकळी शेते तुम्ही गाडीतून पाहिली असतील. त्या भागाला पिनर पार्क म्हणतात. 'पार्क' म्हटले की आपल्याला झोपाळे आणि घसरगुंडी आठवते, पण मध्ययुगात ते कँटरबरीच्या आर्चबिशपांचे हरणांचे राखीव कुरण होते. हरणे बाहेर जाऊ नयेत आणि माणसे आत येऊ नयेत म्हणून भोवती बांध आणि चर होता. जवळच हेडस्टोन मॅनर हा खंदकाने वेढलेला वाडा आहे. चौदाव्या शतकात तोही आर्चबिशपांकडे आला.

आता प्रश्न विचारा. आर्चबिशपांच्या पाहुण्यांना एके दिवशी हरीण मिळाले नाही, तर ते उपाशी राहणार होते का? मुळीच नाही. शेजारच्या खेड्यातला शेतकरी मात्र हिवाळ्यात पोरांना काय घालावे या विवंचनेत असला, तरी त्या हरणाला हात लावू शकत नव्हता. राजाच्या राखीव जंगलांत तर कायदा इतका कडक होता की हरीण मारणाऱ्याला जीव किंवा हातपाय, डोळे गमवावे लागत. १२१७ साली राजाच्या नावाने 'वनांची सनद' निघाली आणि हरणापायी कोणाचा जीव किंवा अवयव घेऊ नये असे ठरले. या सनदेने लोकांना जंगलात डुकरे चारण्यासारखे हक्कही दिले. हरीण मात्र राजाचेच राहिले. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

३. कातकऱ्यांची चूल

आता रायगड जिल्ह्यात जाऊ. आमचे आजोळ तिथलेच. गावाबाहेर माळावर कातकरवाडी होती. कातकरी हे नाव 'कात' या शब्दावरून पडले. खैराच्या झाडाचा गाभा पाण्यात उकळून, आटवून विड्यात घालायचा कात करतात. तो करणारे ते कातकरी. इंग्रजांनी १८७८ च्या वनकायद्याने जंगले राखीव करायला सुरुवात केली आणि खैर तोडणे अवघड होत गेले. धंदा गेला, पण पोट कुठे जाणार? मग मजुरी, कोळसा पाडणे, वीटभट्टीवरचे काम. कित्येकांच्या झोपड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर. आजही सरकार-दरबारी कातकऱ्यांची नोंद विशेष दुर्बल आदिवासी गटांत आहे.

मजुरी वर्षभर मिळत नाही. मग ज्या दिवशी मजुरी नाही त्या दिवशी चूल कशावर पेटायची? ओढ्यावर आणि रानावर. पावसाळ्यात दगडाखालचे खेकडे आणि नदीचे मासे. भात कापून झाले की उंदीर. त्याची रीत ऐका. शेतातला उंदीर भाताच्या लोंब्या ओढून बिळात साठवतो. कातकरी आधी बिळाची सगळी तोंडे शोधतात, एक सोडून बाकीची बुजवतात, धूर देतात आणि बीळ खणतात. उंदीर तर मिळतोच, शिवाय त्याने साठवलेले भातही मिळते. शेतकऱ्याचे नुकसान टळते, ते वेगळेच. मुलांनो, कोणते तोंड आधी बंद करायचे आणि धूर कुठून द्यायचा याचा विचार केल्याशिवाय हे काम होत नाही. ही इंजिनिअरिंगची पदवी आमच्याकडे नाही.

इथेही तोच प्रश्न. उंदीर हुकला तर ताटात काय? बहुधा नुसता भात आणि मीठ, किंवा तेही नाही. म्हणजे ही चुलीची शिकार.

४. आमची चढण

आता एक गोष्ट, जी चिरंजीवांनाही आम्ही या महिन्यातच सांगितली. कोकणात पहिला मोठा पाऊस पडला की नदीला गढूळ पाणी येते आणि मासे प्रवाहाच्या उलट दिशेने ओढ्यांत, भातखाचरांत चढतात. त्यांना चढणीचे मासे म्हणतात, कुठे वलगणीचे. ते अंडी घालायला उथळ पाण्यात येतात. पोट गाबोळीने भरलेले असते, म्हणून चवीला उत्तम आणि पकडायलाही सोपे.

आम्ही दहा-अकरा वर्षांचे असताना मामांच्या मागे बॅटरी आणि काठ्या घेऊन रात्री चढणीला गेलो. बांधावर आम्ही बारा-पंधरा पोरे होतो. आरडाओरडा, चिखल, हशा. दोन बादल्या मासे मिळाले. थोड्या वेळाने वाडीवरचे एक कातकरी जोडपे पाग घेऊन त्याच ओढ्यावर आले. चांगली जागा आम्ही अडवली होती. आम्हांला "बाजूला व्हा" म्हणण्याची त्यांची प्राज्ञा नव्हती, कारण खाचर मामांचे. ते थोडा वेळ उभे राहिले आणि खालच्या अंगाला गेले.

घरी शीतकपाट नव्हते. एका बादलीचे कालवण झाले. दुसरी बादली सकाळपर्यंत खराब झाली आणि आजीने ती आंब्याच्या बुंध्याशी पुरली. पुरताना ती एवढेच म्हणाली, "कुणाच्या तरी तोंडचा घास होता रे."

लावा आता प्रश्न. मासे हुकले असते तर आमच्या ताटात काय? भाकरी, आमटी, लोणचे, दूध. म्हणजे त्या रात्री बांधावर राजे आम्ही होतो! खालच्या अंगाला गेलेल्या त्या दोघांना त्या रात्री काय मिळाले, हे आम्ही कधी विचारले नाही.

५. हेमलकशाचे माकडाचे पिल्लू

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला गडचिरोली जिल्ह्यात भामरागडचे जंगल आहे. तिथल्या माडिया गोंडांसाठी २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. त्यांचे पुत्र डॉ. प्रकाश आणि सून डॉ. मंदाकिनी तिथे राहायला गेले. रस्ते नाहीत, वीज नाही, अशी ती जागा. माडिया लोक धनुष्यबाणाने जे मिळेल ते मारून खात.

एकदा शिकारी मारलेले माकड घेऊन परतताना आमट्यांना दिसले. मेलेल्या आईला तिचे जिवंत पिल्लू बिलगून होते. पिल्लाचे काय करणार, असे विचारल्यावर तेही खाणार असे उत्तर मिळाले. आपण असतो तर काय केले असते? "शी!" म्हटले असते, किंवा रागावलो असतो. डॉ. प्रकाश आमट्यांनी ते पिल्लू मागून घेतले आणि त्याच्या बदल्यात धान्य दिले. पुढे माडिया लोक शिकारीत सापडलेली जिवंत पिल्ले त्यांच्याकडे आणून देऊ लागले आणि तिथे बिबटे, अस्वले, हरणे यांचे अनाथालय उभे राहिले. प्रकल्पात दवाखाना आणि शाळाही झाली. २००८ साली प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

यातला धडा आम्हांला मोलाचा वाटतो. चुलीवरचे भांडे काढून घ्यायचे असेल, तर आधी दुसरे भांडे चुलीवर ठेवावे लागते.

६. कायदा काय म्हणतो?

भारतात १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. तो पिनर पार्कच्या बांधासारखा नाही. त्याने हरणे राजासाठी राखली नाहीत. राजालाही शिकार बंद केली. वाघ, हरणे, पक्षी उरले पाहिजेत, तर असा कायदा हवाच. पण शिकार बंद झाल्यावर राजाचा एक छंद गेला आणि गरिबाचे एक कालवण गेले. दोघांना सारखाच नियम लागला, झळ मात्र सारखी लागली नाही.

२००६ साली वनहक्क कायदा झाला. त्याने जंगलात राहणाऱ्यांचा मध, मोह, बांबू अशा वनोपजावरचा हक्क मान्य केला. तळ्या-नद्यांतल्या माशांवरचाही गावाचा हक्क मानला. वन्य प्राण्यांच्या शिकारीचा पारंपरिक हक्क मात्र स्पष्ट शब्दांत वगळला. १२१७ ची सनद आठवली ना? तिनेही चाऱ्याचे हक्क दिले आणि हरीण दिले नाही. फरक एवढाच की तेव्हा हरीण राजासाठी राखले होते, आता जंगलासाठी.

७. आणि आपल्या ताटात?

शेवटी चिरंजीवांना आम्ही विचारले, "शुक्रवारी तू फिश अँड चिप्स खातोस, त्यातला मासा कोणी पाळला?" तो गप्प. कोंबडी पाळलेली, मेंढी पाळलेली, दुकानातला साल्मनही बहुधा पाळलेला. पण चिप्सबरोबरचा कॉड किंवा हॅडॉक हा बहुतेक वेळा समुद्रातला रानटी जीव असतो. आपले बोंबील, सुरमई, बांगडा हेसुद्धा. म्हणजे रानटी मांस खाणारे आपणही आहोत! फक्त जाळे दुसरा कोणी ओढतो, म्हणून आपल्याला ते दिसत नाही.

जाळे मोठे झाले की काय होते, तेही पाहा. कॅनडातील न्यूफाउंडलंडजवळच्या समुद्रात शेकडो वर्षे अमाप कॉड मिळत असे. मोठ्या यांत्रिक बोटींनी तो इतका उपसला की १९९२ साली सरकारला मासेमारी बंद करावी लागली. हजारो कोळ्यांचे काम गेले. आपल्याकडे कोळी लोक नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून पुन्हा होड्या लोटतात. त्याआधी पावसाळ्यात माशांना वाढायला उसंत मिळते. आता यांत्रिक होड्यांना पावसाळ्यात कायद्यानेही बंदी असते. चढणीच्या एका मादीच्या गाबोळीत हजारो अंडी असतात. आम्ही त्या रात्री पुरलेल्या बादलीत किती मासे पुरले, याचा हिशेब संगणकालाही जड जाईल.

म्हणून मुलांनो, कोणाच्या ताटाला "शी" म्हणण्याआधी तो प्रश्न विचारा : हे नसते, तर त्या ताटात काय असते? आणि मग तोच प्रश्न आपल्या ताटालाही विचारा.

शब्दार्थ

सावज – ज्याची शिकार करायची ते जनावर
मुदपाकखाना – राजवाड्यातील स्वयंपाकघर
चर – जमिनीत खणलेली लांब खोलगट रेघ
पाग – हाताने फेकून पसरण्याचे जाळे
गाबोळी – माशाच्या पोटातील अंडी
खाचर – पाणी साठेल असे बांध घातलेले भाताचे शेत
प्राज्ञा – हिंमत, धाडस

स्वाध्याय

१. 'राजाची शिकार' आणि 'चुलीची शिकार' यांतील फरक चार वाक्यांत लिहा.
२. उंदराचे बीळ खणण्याची रीत चित्र काढून क्रमाने दाखवा.
३. १२१७ ची सनद आणि २००६ चा कायदा यांत एक साम्य आणि एक फरक सांगा.
४. आजी-आजोबांना फोन करून विचारा : "तुमच्या लहानपणी बाजारातून न आणता रानातून किंवा नदीतून काय काय घरी यायचे?" रानभाज्याही चालतील. उत्तर दहा ओळींत मराठीत लिहून आणा.

चौथा प्रश्न पालकांनीही सोडवायचा आहे. आमच्या चिरंजीवांनी त्यांचा स्वाध्याय पूर्ण केला असून पुढच्या शनिवारी ते तो वर्गापुढे वाचून दाखवतील. मागच्या बाकावरून नव्हे, फळ्याजवळ उभे राहून!