आधी झाड, मग फिंच

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नॉरफोक परगण्यात लोक येतात ते बदकं आणि पाणपक्षी बघायला. नॉरिचला राहायला आल्यावर मला मात्र वेड लागलं ते फिंचांचं. आकाराने चिमणीच्या आसपासचे, बियांवर जगणारे हे पक्षी. ऋतूंमागून ऋतू त्यांच्या मागावर फिरून जे हाती लागलं, ते सांगते.

१. पुस्तकात पक्षी पाठ करण्याआधी झाडं ओळखायला शिका. हिवाळ्यात नदीकाठच्या अल्डरवर सिस्किन लोंबकळत असतात, बर्चवर रेडपोल. बीच वृक्षाखालच्या पाचोळ्यात चॅफिंच दाणे टिपतात आणि त्यांच्यातच स्कँडिनेव्हियातून आलेले ब्रॅम्बलिंग मिसळलेले असतात. दोघांना वेगळं करायचं असेल तर थवा उडेपर्यंत थांबा. शेपटीच्या वर पांढरं चमकलं की तो ब्रॅम्बलिंग. चॅफिंचचा तो भाग हिरवट असतो.

२. हॉफिंच हवा असेल तर लिनफर्डच्या वृक्षोद्यानात जा, तेही हिवाळ्यात आणि भल्या सकाळी. तिथल्या हॉर्नबीमच्या बियांवर त्याचा जीव. चेरीची आठळी फोडणारी ती अडकित्त्यासारखी चोच बघून वाटतं, हा कुणाला भीत नसेल. प्रत्यक्षात इतका बुजरा फिंच दुसरा नाही. गाडीचं दारसुद्धा हळू लावा.

३. क्रॉसबिलला आपलं कॅलेंडर लावू नका. शेजारच्याच थेटफर्डच्या जंगलात तो भेटतो. पहिल्या महायुद्धात देशाला लाकडाची चणचण भासली, म्हणून १९२२ पासून इथे पाइन लावले गेले. क्रॉसबिलची त्यामुळे सोय झाली. चोचीची टोकं एकमेकांवरून गेलेली असतात. तिने तो शंकूचे खवले फाकवतो आणि जिभेने बी काढून घेतो. शंकूत बी आहे ना, मग ऐन थंडीत, फेब्रुवारीतही तो घरटं करून मोकळा. विटकरी रंगाचा नर आणि हिरवट मादी शेंड्यावर शोधून मान मोडून घेण्यापेक्षा जंगलवाटेवरचं एखादं डबकं गाठा. कोरडं बी खाऊन त्यांना सारखी तहान लागते आणि मग ती आपण होऊन खाली उतरतात.

४. बाग थोडी गबाळी राहू द्या. टीझलची वाळलेली बोंडं आणि काटेरी थिसल उपटले नाहीत तर गोल्डफिंच दारात येतात. शेजारी नाकं मुरडतात, मुरडू देत.

५. बुलफिंच वसंतात फळझाडांच्या कळ्या फस्त करतो. १५६६ च्या कायद्याने त्याच्या डोक्यावर चक्क एक पेनी इनाम होतं. बागायतदारांचा राग मला समजतो, पण गुलाबी छातीचा नर समोर आला की मी त्याच्याच बाजूची.

६. दाणे घालता तर भांडी घासा. हा बोल सगळ्यांत कडू आहे. ग्रीनफिंच एके काळी प्रत्येक बागेत भांडताना दिसायचा. २००५ च्या सुमारास ट्रायकोमोनोसिस हा परजीवीमुळे होणारा रोग फिंचांमध्ये शिरला. घसा सुजतो, घास गिळवत नाही, पक्षी पिसं फुगवून बसून राहतो. उष्टे दाणे आणि पाणी यांतून हा रोग पसरतो. २०२१ मध्ये ग्रीनफिंच ब्रिटनच्या लाल यादीत गेला. आजारी पक्षी दिसला की दाणे घालणं काही दिवस बंद ठेवायचं. उपाशी मरतील, ही भीती आपली असते; त्यांना शेतं आणि कुंपणं मोकळी आहेत.

७. उन्हाळ्यात गॉर्सच्या पिवळ्या झुडपांवर लिनेट गातो. हिवाळ्यात थॉर्नहॅमच्या खाऱ्या दलदलीकडे गेलात तर लिनेटसारख्याच दिसणाऱ्या प्रत्येक तपकिरी पाखराची चोच बघा. पिवळी असेल तर तो ट्वाइट. तो आता कमी झालाय, तेव्हा जमल्यास लवकर जा.

८. शरदात ब्लेकनी पॉइंटवर एखादा मातकट, काळ्या टपोऱ्या डोळ्यांचा रोझफिंच चुकून येतो. अगदी साधा दिसतो, बरेच जण लक्षही देत नाहीत. पण युरोपात वाढलेले रोझफिंच हिवाळ्यासाठी पार भारतात उतरतात. पुण्याला माहेरी गेले की सह्याद्रीत मी त्यालाच शोधते, आणि तिथे तो ब्लेकनीपेक्षा पुष्कळ सहज भेटतो.