पाणी नेमके कुणाच्या अंतरातून वाहते?

शास्त्रपाठ : योहान ७:३७-३९



पेन्टेकॉस्टच्या आदल्या संध्याकाळच्या मिस्सेत आपण ही तीन वचने ऐकतो. मंडपांचा सण चालू आहे. ह्या सणात याजक सात दिवस शिलोह तळ्याचे पाणी सोन्याच्या पात्रातून मंदिरात आणून वेदीवर ओतत असत. पीक घरात आलेले असे, पण पुढच्या पावसासाठी आभाळाकडे डोळे लागलेले असत. अशा वेळी येशू उभा राहून तहानलेल्यांना आपल्याकडे बोलावतो आणि अंतरातून वाहणाऱ्या जिवंत पाण्याच्या नद्यांविषयी बोलतो.

पण हे अंतर कुणाचे? मूळ ग्रीक वचनात फक्त 'त्याच्या' असा शब्द आहे आणि प्राचीन हस्तलिखितांत विरामचिन्हे जवळजवळ नसत. त्यामुळे पूर्णविराम कुठे द्यायचा, ह्यावर अर्थ ठरतो.

पूर्णविराम 'प्यावे' ह्या शब्दानंतर दिला, तर नद्या विश्वास ठेवणाऱ्याच्या अंतरातून वाहतात. ओरिजेन आणि संत अथानासियस ह्यांनी असा अर्थ घेतला. आपल्या परिचयाच्या मराठी बायबलातही तोच आहे. परंतु तहानलेल्याने यावे आणि विश्वास ठेवणाऱ्याने प्यावे, असे ते एकच वाक्य मानले, तर पुढचा 'त्याच्या' हा शब्द ख्रिस्ताकडे जातो. संत हिप्पोलितस आणि संत सिप्रियन ह्या बाजूचे आहेत. १९६६ च्या इंग्रजी जेरुसलेम बायबलनेही हाच अर्थ स्वीकारला.

येशू शास्त्राचा दाखला देतो, पण जुन्या करारात असे वचन शब्दशः सापडत नाही. भुकेल्याला अन्न देणारा माणूस न आटणाऱ्या झऱ्यासारखा होईल, असे यशया सांगतो (५८:१०-११). हे पहिल्या अर्थाला जवळचे आहे. यहेज्केल मंदिरातून निघणारी नदी पाहतो (४७:१-१२), आणि योहानाच्या मते येशूचे शरीर हेच मंदिर आहे (२:२१). हे दुसऱ्या अर्थाला जवळचे आहे.

मग आपण कोणता अर्थ घ्यावा? ख्रिस्तसभेने एकच अर्थ बंधनकारक ठरवलेला नाही. मात्र ३९ व्या वचनात योहान स्वतःच खुलासा करतो : हे पाणी म्हणजे पवित्र आत्मा, आणि विश्वासणाऱ्यांना तो मिळणार आहे. ज्याला मिळायचे आहे तो उगम असू शकत नाही. क्रूसावर येशूच्या कुशीतून रक्त व पाणी निघाले (१९:३४), तोच उगम. तरीही शोमरोनी स्त्रीला येशू सांगतो, की पिणाऱ्याच्या आतच झरा तयार होईल (४:१४). म्हणजे दोन्ही अर्थ खरे आहेत, पण त्यांना क्रम आहे : आधी प्यायचे, मग वाहायचे.

हा क्रम चुकला की आपण थकतो. "फादर, प्रार्थनेत मन लागत नाही, आत सगळे कोरडे वाटते," असे अनेकजण आम्हा धर्मगुरूंना सांगतात. आम्हालाही ते दिवस ठाऊक आहेत. फक्त पहिलाच अर्थ धरला, तर अशा माणसाला वाटते : माझ्यातून नद्या वाहत नाहीत, म्हणजे माझा विश्वासच खोटा. पण येशूने बोलावले ते भरलेल्यांना नव्हे, तहानलेल्यांना. तहान हा अविश्वासाचा पुरावा नाही. क्रूसावर त्यालाही तहान लागली होती (१९:२८).

विहीर पाणी तयार करीत नाही. झरा जमिनीखालून येतो. आपले काम गाळ उपसण्याचे, आणि आलेले पाणी शेजाऱ्यालाही भरू देण्याचे.

ह्या आठवड्यासाठी :
१. आपल्या कोरडेपणाविषयी आपण येशूशी मोकळेपणाने बोलतो का?
२. आपल्या झऱ्यावर कोणता गाळ साचला आहे?
३. आपल्या वाड्यात कोण तहानलेले आहे?