संकरित गाय : दुधाचा हिशेब आणि स्वभावाची पारख

पावसाळ्यातील हिरव्या वैरणीवर अंग धरलेल्या गाई कार्तिकात माजावर येऊ लागल्या, म्हणजे कोणत्या वळूची रेतमात्रा भरवावी हा प्रश्न गोठ्यागोठ्यांतून उपस्थित होतो, आणि त्याचा निर्णय बहुधा केवळ दुधाच्या आकड्यावर लागतो. हे माप खोटे नव्हे, परंतु अपुरे खास आहे. कारण जी गाय धार काढताना लाथा झाडते आणि परक्याची चाहूल लागताच बुजते, ती पान्हा चोरते. भयामुळे रक्तात उतरणारे अ‍ॅड्रेनॅलीन पान्हा सोडविणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या कार्यात अडथळा आणते, आणि कासेत असलेले दूध चरवीपर्यंत पोहोचत नाही.

मांसासाठी गुरे पोसणाऱ्या देशांतील अनुभवही याच दिशेचा आहे. आपल्याकडील गीर, कांकरेज, ओंगोल आदी गुरांपासून अमेरिकेत ब्राह्मन ही जात घडली. तिच्या रक्ताच्या संकरित जनावरांत, माणसाने हाताळताच बिथरणारी जनावरे शांत जनावरांच्या मानाने वजनात मागे पडतात, असे तेथील संशोधकांना आढळून आले. पहिल्या पिढीत दिसणारा संकरजोम काटकपणात व वाढीत भर घालतो खरा, पण स्वभावही काही अंशी आईबापांकडून वारशाने येतो. म्हणून चपळाई आणि तापटपणा यांसाठी प्रसिद्ध असलेल्या खिलारसारख्या गाईचा संकर करताना ही पारख अधिकच अगत्याची ठरते.

मात्र गाईला मारकी ठरविण्यापूर्वी तिच्या वागण्याचे कारण तपासावे. कासदाह, सडाच्या चिरा, खुराची जखम, गोचिडांचा उपद्रव किंवा गड्याची काठी यांपैकी काही कारण असेल, तर दोष रक्ताचा नव्हे. तसेच नुकतीच व्यालेली गाय वासराजवळ कोणाला फिरकू देत नाही, हा मातृधर्म होय. ही कारणे दूर झाल्यावरही जी माणसावर धावून येते, तिचे दूध कितीही असो, तिची कालवड पैदाशीसाठी राखू नये. जी केवळ बुजरी आहे, तिच्या बाबतीत दुधाचा विचार अवश्य करावा, आणि दोन गाई दुधात तुल्यबळ असतील तेव्हा शांत गाईस प्राधान्य द्यावे.

संततीच्या दुधाची नोंद ज्याच्या नावे आहे अशाच वळूची रेतमात्रा मागावी, आणि विदेशी रक्त सामान्यतः 50 ते 62.5 टक्क्यांच्या मर्यादेत ठेवावे. सकाळी माज दिसल्यास संध्याकाळी, संध्याकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करवून घ्यावे. सुमारे 21 दिवसांनी माज उलटतो की काय हे पाहावे, आणि तिसऱ्या महिन्यात पशुवैद्यांकडून गाभणपणाची खातरजमा करावी. आता फळलेली गाय सुमारे 280 दिवसांनी, श्रावणाच्या सुमारास, ओल्या चाऱ्याच्या दिवसांत विते. रेतनाच्या तारखेशेजारी वळूचा क्रमांक आणि गाईच्या स्वभावाचा शेरा वहीत लिहून ठेवावा, म्हणजे पुढे कालवड राखताना स्मरणाऐवजी दाखल्यावर निर्णय करता येईल.